"त्याला काही वाटतच नाही का हो?"

घरातलं माणूस गेलं की काही महिन्यांनी हा प्रश्न घेऊन कुणीतरी माझ्याकडे येतंच. मध्यंतरी एक बाई आल्या, मुलगी लांबलेल्या आजारपणात गेली होती, आणि तक्रार होती नवऱ्याची. आठवड्याभरातच ऑफिसला जायला लागला, संध्याकाळी हॉस्पिटलची बिलं फाइलला लावत बसतो, डोळ्यांतून टिपूस नाही.

मी आधी नेहमीचंच म्हटलं, प्रत्येकाचं दुःख वेगळं असतं वगैरे. माझं मलाच पोकळ वाटलं ते.

मग मोबाइलवर एक चित्र दाखवलं. एडवर्ड मुंक, नॉर्वेचा चित्रकार. त्याची बहीण सोफी 1877 मध्ये टीबीने गेली, पंधरा वर्षांची होती, आई तर तो पाच वर्षांचा असतानाच टीबीनेच गेलेली. सोफीच्या खोलीचं हे चित्र त्याने काढलं 1893 मध्ये, म्हणजे सोळा वर्षांनी, आणि घरच्यांची वयं चित्र काढतानाची ठेवली, जणू ती खोली कुणी सोडलीच नाही अजून.

बाई म्हणाल्या, "यात पेशंट कुठंय?" खरंय, सोफी खुर्चीत पाठमोरी आहे, दिसतच नाही. दिसतात ते बाकीचे. वडील हात जोडून उभे, एक बहीण मान खाली घालून बसलेली, दुसरी सरळ आपल्याकडे बघतेय, भाऊ सगळ्यांकडे पाठ करून भिंतीशी, दाराकडे निघाल्यासारखा. एका खोलीत सगळे, पण कुणाची नजर कुणाशी मिळत नाही.

यात तुमचा नवरा कोण, असं विचारल्यावर बाईंनी लगेच त्या दाराजवळच्यावर बोट ठेवलं. आणि मग बराच वेळ गप्प.

(न रडणं हा आजार नाही. पण झोप, जेवण पार गेलं, दारू वाढली किंवा जगण्यात अर्थ नाही असं कुणी बोलायला लागलं, तर मात्र थांबू नका, लगेच डॉक्टरकडे न्या.)

पुढच्या वेळी नवराही आला, बायकोनेच आणलं. चित्र बघून त्याने एवढंच विचारलं, ती खुर्ची खरी होती का. म्हटलं हो, मुंकने जन्मभर जपली, आता ओस्लोच्या म्युझियममध्ये आहे. तो हं म्हणाला, थोडं थांबून म्हणाला की पोरीचा चष्मा माझ्या ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये आहे.

बाई तो चष्मा चार महिने घरभर शोधत होत्या.