पाच वर्षांच्या मुलाला डावे-उजवे आणि दिशा खेळातून कशा शिकवाव्यात?

पाचव्या वर्षी डावे-उजवे चुकले तर काळजी करू नये. स्वतःच्या शरीराचे डावे-उजवे बहुतेक मुलांना सहा-सात वर्षांच्या सुमारास पक्के होते आणि समोरच्या माणसाचे त्याहूनही उशिरा उमगते. म्हणून सुरुवात 'वर-खाली', 'पुढे-मागे', 'आत-बाहेर' या शब्दांपासून करावी. अंगणात चेंडू लपवून, नुसते 'तिकडे आहे' असे न म्हणता 'खाटेच्या खाली, भिंतीकडच्या बाजूला' असे सांगून तो शोधायला लावावा. मग लपवण्याची पाळी मुलाला द्यावी. ही पाळी मला सर्वांत मोलाची वाटते, कारण दुसऱ्याला जागा सांगताना मूल ती आधी मनात उभी करते.

मुख्य दिशांसाठी तर आपल्या खान्देशात सातपुडाच मदतीला आहे. यावल, रावेर, चोपडा या भागांत तो उत्तरेला दिसतो. सकाळी मुलाला डोंगराकडे तोंड करून उभे केले की ज्या गालावर ऊन पडते तो उजवा आणि ती बाजू पूर्वेची. तापी ओलांडताना पाणी कोणत्या बाजूला चालले आहे, तेही अवश्य विचारावे. ते पश्चिमेकडे वाहते.

पावसाळ्यात घरातच रिकाम्या काडेपेट्या मांडून आपली गल्ली उभारावी आणि दुकानापर्यंतची वाट मुलाला बोटाने दाखवू द्यावी.