बरोबरी कुठे साधते?

प्रश्न : अ आणि ब या धन संख्यांची बेरीज १ आहे. धन संख्या आणि तिचा गुणाकार व्यस्त यांची बेरीज २ पेक्षा कमी नसते, म्हणून (अ + १/अ)(ब + १/ब) या गुणाकाराची किमान किंमत मी ४ काढली. पुस्तकातले उत्तर २५/४ आहे. माझे कुठे चुकले?

उत्तर : तुमची असमानता खरी आहे, चूक निष्कर्षात आहे. गुणाकार ४ पेक्षा कमी होत नाही, एवढेच तुम्ही सिद्ध केले; किमान किंमत ४ म्हणायची, तर ती प्रत्यक्ष गाठली जाते हेही दाखवावे लागते. अ + १/अ ≥ २ ही असमानता (अ − १)² ≥ ० यावरून येते, त्यामुळे बरोबरी फक्त अ = १ असताना साधते, आणि इथे बेरीजच १ असल्याने अ किंवा ब यांपैकी एकही संख्या १ होऊ शकत नाही.

गुणाकार सोडवून पाहा. अब = ट मानल्यास, अ² + ब² = १ − २ट असल्यामुळे, तो ट + २/ट − २ असा होतो. (अ − ब)² ≥ ० यावरून ट ≤ १/४ मिळते. आता या राशीतून २५/४ वजा केल्यास (१/४ − ट)(८/ट − १) उरते, आणि त्यातला कोणताही अवयव ऋण नाही. अ = ब = १/२ असता बरोबरीही साधते. असमानता लिहिली की शेजारीच तिच्या बरोबरीची अट लिहावी, असा माझा आग्रह आहे.

सीमा काढताना मात्र ही काटेकोर बरोबरी लागत नाही. न ही पूर्ण संख्या वाढत गेल्यावर तिचे न-वे मूळ १ कडे जाते, हे दाखवायचे आहे असे समजा. न − २ वेळा १ आणि दोन वेळा √न अशी न पदे घ्या (न ≥ ३). त्यांचा गुणाकार न आहे. भूमिती मध्य, म्हणजे न पदांच्या गुणाकाराचे न-वे मूळ, अंकगणिती मध्यापेक्षा, म्हणजे सरासरीपेक्षा, मोठा नसतो (कितीही पदांसाठी हे फ्रेंच गणिती कोशीने १८२१ साली, आधी पदे दुप्पट करत आणि मग कमी पडणाऱ्या पदांच्या जागी सरासरीच घेऊन, फार सुंदर रीतीने सिद्ध केले), म्हणून ते मूळ (न − २ + २√न)/न पेक्षा, अर्थात १ + २/√न पेक्षाही, लहान असते. न = १०० असता मूळ सुमारे १.०४७ आहे आणि आपला अंदाज १.१८, अंदाज ढोबळ आहे, पण न वाढत गेल्यावर तोही १ कडेच जातो, आणि सिद्धतेला तेवढेच हवे आहे.