वाचकांचे प्रश्न: छोट्या कॉलेजचं फुटबॉल मैदान आणि त्याचा खर्च

अमेरिकेतल्या छोट्या कॉलेजांशी पालक, माजी विद्यार्थी किंवा समिती सदस्य म्हणून नातं असलेल्या वाचकांचे हे प्रश्न आहेत. इथे फुटबॉल म्हणजे अमेरिकन फुटबॉल; सॉकरला सॉकरच म्हटलं आहे.

प्रश्न: आमच्या मुलाच्या कॉलेजच्या मैदान समितीवर मी पालक प्रतिनिधी आहे. गवत काढून कृत्रिम टर्फ घालायचा विचार आहे. दोन कंपन्यांनी दर दिले, आणि दुसरीचा आकडा पहिलीच्या जवळपास दीडपट आहे. मैदान एकच, मग एवढा फरक कसा? – एक पालक, ओहायो

आधी दोन्ही कागदांवर चौरस फूट किती धरलेत ते बघा. एंड झोन (दोन्ही टोकांचे गुण मिळवायचे पट्टे) धरून फुटबॉलचं मैदान ३६० फूट लांब आणि १६० फूट रुंद, म्हणजे ५७,६०० चौरस फूट. पण त्याच मैदानावर सॉकर खेळायचा तर २१० फुटांच्या आसपास रुंदी लागते. कडेची मोकळी जागा धरली की आकडा ८०,००० च्या घरात जातो. एकाने पहिला आकडा धरला असेल आणि दुसऱ्याने दुसरा, तर ही तुलनाच होऊ शकत नाही.

क्षेत्रफळ सारखंच निघालं, तर फरक जमिनीखाली शोधा. ८०,००० चौरस फुटांवर ८ इंच खोदलं तर जवळपास २,००० घनयार्ड माती निघते. ती आवारातच पसरायची की ट्रकने बाहेर न्यायची, हे दोन्ही दरपत्रकांत लिहिलेलं असायला हवं. जुन्या गवती मैदानाला पाणी वाहून जावं म्हणून मधोमध फुगवटा दिलेला असतो. कधीकधी तो दीड फुटापर्यंत असतो. टर्फसाठी जवळपास सपाट तळ लागतो, त्यामुळे मधली माती कापण्याचं काम वेगळं मोजायला लावा.

खोदाई झाली की भरलेला डंपर तळावरून सावकाश फिरवतात. जिथे चाक रुततं किंवा माती लाटेसारखी हलते, तिथली मऊ माती काढून भराव करून दाबावा लागतो. हे काम दरात धरलेलं नसेल तर त्याचं ‘वाढीव काम’ होतं, आणि छोट्या कॉलेजचं बजेट बहुतेक वेळा इथेच कोलमडतं. म्हणून निविदा काढण्याआधी मैदानावर पाच-सहा ठिकाणी बोअर घेऊन मातीचा अहवाल करून घ्या. या एका कागदासाठी पैसे खर्च करायला अजिबात कचरू नका.

दाबलेल्या तळावर जिओटेक्स्टाईल (माती आणि खडी वेगळी ठेवणारं) कापड, निचऱ्याच्या चपट्या पट्ट्या, कडेच्या चरात भोकाचे पाईप आणि मग खडी येते. ६ इंच खडी म्हणजे सुमारे १,४८० घनयार्ड, वजनाने साधारण २,००० टन. वीस टनी ट्रकच्या शंभर फेऱ्या. या फेऱ्यांनी कॉलेजचा आतला रस्ता आणि पदपथ फुटले तर दुरुस्ती कोणाकडे, हे करारात लिहून घ्या.

खडीत भुकटी जास्त असेल तर ती घट्ट बसते, दिसतेही छान, पण पाणी खाली जात नाही. भुकटी फार कमी असेल तर वरचा थर पायाखाली सरकतो. त्यामुळे खडीचा चाळणी अहवाल मागा आणि टर्फचं कार्पेट (धाग्यांची चटई) अंथरण्याआधी आठ-दहा ठिकाणी पाणी मुरण्याची चाचणी घ्या. सपाटी तपासायला १० फुटांची सरळ पट्टी ठेवतात आणि खाली पाव इंचापेक्षा जास्त फट चालत नाही. कार्पेट पसरल्यावर हे काहीच तपासता येत नाही.

आणखी एक खर्च नेहमी सुटतो. ८०,००० चौरस फूट म्हणजे पावणेदोन एकरांहून जास्त. एक एकर किंवा त्याहून अधिक जमीन उकरायची असेल तर पावसाच्या पाण्यासाठी एनपीडीईएसचा (जलप्रदूषण रोखण्याच्या संघीय परवाना योजनेचा) बांधकाम परवाना लागतो. गाळ अडवण्याची कुंपणं, तपासण्या आणि कधी पाणी साठवण्याची टाकी हेही त्याबरोबर येतं. स्वस्त दरपत्रकात यापैकी काय धरलंय ते ओळीने विचारा.

प्रश्न: कॉलेज अगदी लहान आहे. गवतच नीट केलं तर चालणार नाही का? – एक माजी विद्यार्थी, मिसूरी

चालेल. आमच्या मते अनेक ठिकाणी तेच योग्य आहे. डिव्हिजन थ्रीमध्ये (छोट्या कॉलेजांच्या क्रीडा गटात) नियमित हंगामात दहा सामने असतात, म्हणजे घरच्या मैदानावर साधारण पाच. सराव दुसरीकडे होत असेल तर गवत ते सहज सोसतं. पण त्याच मैदानावर रोजचा सराव, बँड, सॉकर, लॅक्रोस आणि वर भाड्याने दिलेले सामने असतील, तर ओल्या नोव्हेंबरात मधला भाग चिखल होणारच. आधी वर्षभराच्या वापराचे तास कागदावर मांडा. टर्फ की गवत, हा निर्णय त्या कागदावरून घ्या.

गवत सुधारताना सर्वात महाग पडणारी चूक म्हणजे चिकणमातीत थोडी वाळू मिसळणं. मातीचे कण वाळूच्या फटी भरून काढतात आणि थर आणखी घट्ट होतो. वाळूचं प्रमाण ७०–८० टक्क्यांच्या वर गेल्याशिवाय निचरा सुधारत नाही, आणि तेवढी वाळू आणणं म्हणजे मैदान नव्यानेच बांधणं. त्यापेक्षा पोकळ दातांच्या यंत्राने मातीच्या गुंडाळ्या काढा आणि वर पाव इंच वाळू पसरून झाडूने त्या भोकांत ढकला. ५७,६०० चौरस फुटांना यासाठी साधारण ४५ घनयार्ड वाळू लागते. हे वर्षातून दोनदा, काही वर्षं सलग करावं लागतं. एका हंगामात फरक दिसला नाही म्हणून सोडून देऊ नका.

मिसूरीसारख्या मधल्या पट्ट्यात थंडी सोसणाऱ्या बर्म्युडा गवताच्या जाती चालतात. ओक्लाहोमा स्टेट विद्यापीठातून आलेल्या नॉर्थब्रिज आणि टाहोमा ३१ या त्यातल्याच. आणखी उत्तरेकडे मात्र केंटकी ब्लूग्रास आणि रायग्रास ही थंड हवेची गवतं घ्या.

झीज होते ती हॅश मार्कच्या (मैदानाच्या मधल्या भागात लांबीला समांतर असलेल्या छोट्या खुणांच्या दोन रांगांच्या) मधल्या आणि लगतच्या पट्ट्यात. ३०० फूट लांब आणि ६० फूट रुंद धरला तर तो १८,००० चौरस फूट होतो. दर हजार चौरस फुटांना ८ पाउंड रायग्रास धरलं, तर एका पेरणीला १४४ पाउंड बी लागतं. बी सामन्याच्या आदल्या दिवशी टाका, खेळाडूंच्या बुटांचे खिळेच ते मातीत दाबतात. हंगामात असं तीन-चार वेळा केलं तर शेवटच्या सामन्यापर्यंत मधे हिरवं राहतं.

पाण्याचा हिशेब विसरू नका. ५७,६०० चौरस फुटांच्या मैदानाला एक इंच पाणी म्हणजे जवळपास ३६,००० गॅलन. उन्हाळ्यात आठवड्याला एवढं पाणी परवडतं का, आणि पंप व पाईप ते रात्रीतून देऊ शकतात का, हे आधी बघा.

प्रश्न: आमचा टर्फ नऊ वर्षांचा झाला. पडल्यावर फार लागतं, असं मुलं सांगतात. काळं रबर आणून भरलं की काम होईल, असं कॉलेजचं म्हणणं आहे. – एक आई, पेनसिल्व्हेनिया

मुलांच्या तक्रारीवर आधी चाचणी हवी. आघात किती शोषला जातो ते जी-मॅक्स या आकड्यात मोजतात; आकडा जितका मोठा, तितकं मैदान कडक. एएसटीएम या मानक संस्थेच्या एफ१९३६ या मानकात कमाल मर्यादा २०० आहे, पण सिंथेटिक टर्फ कौन्सिल ही टर्फ उद्योगाची संघटना १६५ च्या खाली ठेवायला सांगते. नुसता सरासरी आकडा घेऊ नका, प्रत्येक जागेचा वेगळा मागा. एंड झोनचा कोपरा मऊ निघतो आणि मैदानाचा मध्य दगडासारखा.

मग खोली मोजा. सव्वादोन इंची धाग्यात दीड ते पावणेदोन इंच वाळू-रबर (म्हणजे इन्फिल) असायला हवं. बारीक सळई खुपसून मैदानभर तीस-चाळीस ठिकाणी मोजणं एका दुपारचं काम आहे. फक्त मधेच कमी असेल तर भरून काम होतं. १०,००० चौरस फुटांवर पाव इंच वाढवायला साधारण तीन टन रबर लागतं. ते एकदम ओतू नका. पातळ थर द्या, ब्रश फिरवा, पुन्हा थर द्या. ओलं असताना भरलं तर रबर वरच राहतं आणि पहिल्या पावसात कडेला वाहून जातं.

आता धागा बघा. चिमटीत धरून ओढल्यावर तुकडे हातात आले, किंवा आडवा पडलेला धागा ब्रशने उभा राहत नसेल, तर तो रबर धरून ठेवणार नाही. भरलेलं महिन्याभरात पुन्हा सरकेल. नवव्या वर्षी हे अपेक्षितच आहे, कारण वॉरंटी बहुधा आठ वर्षांची असते. अशा कार्पेटवर पैसे घालू नयेत.

बदलायचं ठरलं तर दोन गोष्टी करारात हव्यात. जुनं कार्पेट निघाल्यावर खडीचा पाया पुन्हा तपासून दुरुस्त करणं, आणि निघालेला माल कुठे जाणार त्याची पोच. चौरस फुटाला ३ पाउंड रबर आणि तेवढीच वाळू धरली तरी ८०,००० चौरस फुटांवर दोन्ही मिळून २४० टन होतात, कार्पेट वेगळं. कार्पेटखाली शॉक पॅड (आघात शोषणारा मऊ थर) घातला तर आता खर्च वाढतो, पण चांगला पॅड दोन कार्पेटं टिकतो आणि कडकपणा फक्त इन्फिलवर अवलंबून राहत नाही. मुलांच्या डोक्याचा प्रश्न आहे, म्हणून पॅडसाठी आम्ही आग्रहच धरू.

पुढच्या बदलाचे पैसेही आजपासून बाजूला पडायला हवेत. पाच लाख डॉलर दहा वर्षांनी लागणार असतील तर वर्षाला पन्नास हजार. बजेटमध्ये ही ओळ नसेल तर कॉलेजला टर्फ परवडत नाही, असंच समजा.

प्रश्न: एका देणगीदाराने फक्त फुटबॉलच्या लॉकर रूमसाठी पैसे दिलेत. खासगी पैसे असल्यामुळे टायटल नाईनचा प्रश्न येत नाही, असं सांगतात. – समिती सदस्य, इंडियाना

येतो. शिक्षणसंस्थांत लिंगभेदाला बंदी घालणारा १९७२ चा हा कायदा पैसे कुठून आले ते बघत नाही, मुलामुलींना मिळालेल्या सुविधा बघतो. मुलांना नवी लॉकर रूम आणि महिला सॉकर संघ व्यायामशाळेत कपडे बदलतोय, अशी स्थिती झाली तर तो फरक भरून काढणं कॉलेजवर येतं. देणगीचा करार सही होण्याआधी बदला. इमारत एक, पण दोन्ही बाजूंना सारख्या दर्जाच्या खोल्या, असं देणगीदारांशी बोलून ठरवता येतं.

प्रश्न: १,५०० आसनांचे नवे ब्लीचर्स (पायऱ्यांसारखी बाकं) घेतोय. नियमांनी काय काय वाढतं? – एक वाचक, आयोवा

एडीएच्या (अपंगांच्या हक्कांच्या संघीय कायद्याच्या) २०१० च्या मानकांनुसार ५०० आसनांपर्यंत ६ व्हीलचेअरच्या जागा, आणि पुढच्या दर १५० किंवा त्याच्या भागाला एक. तुमच्याकडे १३ होतात, प्रत्येकीशेजारी सोबत्याचं आसन हवं, आणि सगळ्या एकाच कोपऱ्यात नकोत. पार्किंगपासून तिथपर्यंतची वाट आणि स्वच्छतागृहही मोजणीत धरा. आहे त्या स्टेडियममध्ये बदल करत असाल तर वाटेवरच्या सुधारणांची सक्ती मूळ खर्चाच्या २० टक्क्यांपर्यंत असते. जुने ब्लीचर्स ठेवणार असाल तर पायपट्ट्यांमधली फट मोजा. जमिनीपासून ३० इंचांच्या वर ४ इंचांचा चेंडू आरपार जाता कामा नये, कारण तिथून लहान मुलं पडतात.

प्रश्न: मैदान हायस्कूलला भाड्याने द्यायचं आहे. काही वेगळं लागेल का? – एक माजी विद्यार्थी, विस्कॉन्सिन

दोन गोष्टी. कॉलेजच्या गोलपोस्टची रुंदी १८ फूट ६ इंच, हायस्कूलची २३ फूट ४ इंच. रुंदी बदलता येणारे पोस्ट मिळतात, ते घ्या. हॅश मार्कमधलं अंतर कॉलेजला ४० फूट, हायस्कूलला ५३ फूट ४ इंच. हायस्कूलच्या खुणा कार्पेटमध्येच वेगळ्या रंगात बसवून घ्या. नंतर रंगवल्या तर दर हंगामात पुन्हा माराव्या लागतात, आणि रंगाचे थर चढून तिथला धागा कडक होतो.