राजवाडा, संध्याकाळचे सात आणि मिंकोव्स्की

प्रश्न : ‘राजवाड्यापाशी सात वाजता भेटू’ असे म्हणताना आम्ही इंदूरकर ठिकाणाबरोबर वेळही सांगतोच. काळ ही चौथी मिती, एवढाच अवकाशकालाचा अर्थ असेल, तर त्यात नवे ते काय?
(एक वाचक, इंदूर)

उत्तर : आपली शंका रास्त आहे, आणि तिचा दोष आम्हा लिहिणाऱ्यांकडेच जातो, कारण भेटीच्या ठिकाणाचे हे उदाहरण आम्हीच वर्षानुवर्षे दळत आलो आहोत. घटना सांगायला चार आकडे लागतात, हे न्यूटन यांनाही ठाऊक होते. मात्र त्यांच्या हिशेबात सात सर्वांचे एकदमच वाजत. दोन घटनांमधला कालावधी आणि त्यांच्यातले अंतर ही दोन्ही मापे मोजणाऱ्याच्या गतीनुसार बदलतात, हे आइन्स्टाइन यांनी १९०५ मध्ये दाखवले. त्यांचे एकेकाळचे गणिताचे शिक्षक हेर्मान मिंकोव्स्की यांनी १९०८ मध्ये कोलोन येथील व्याख्यानात त्यातले मर्म उलगडले : कालावधीला प्रकाशाच्या वेगाने गुणून त्याचा वर्ग करावा आणि त्यातून अंतराचा वर्ग वजा करावा, येणारे उत्तर सर्वांचे एकच असते.

हिवाळ्यात आपण सराफ्यातल्या रात्रीच्या खाऊबाजारात तळलेल्या गराडूची (एका कंदाची) प्लेट धरून उभे असता, तेव्हा त्या तळहातातून दर सेकंदाला साधारण एक म्यूऑन (इलेक्ट्रॉनसारखाच, पण त्याहून जड असा सूक्ष्म कण) आरपार जात असतो. अंतराळातून येणारे वैश्विक किरण हवेवर आदळून हे कण सुमारे १५ किलोमीटर उंचीवर जन्मतात आणि त्यांचे सरासरी आयुष्य असते अवघे २.२ मायक्रोसेकंद. तेवढ्यात प्रकाशसुद्धा जेमतेम ६६० मीटर जातो. मग हे कण सराफ्यापर्यंत पोहोचतात कसे? आपण म्हणतो, प्रचंड वेगामुळे त्यांचे घड्याळ मंदावले. म्यूऑनच्या बाजूने पाहिले तर घड्याळ ठीकच चालले आहे, वातावरणच आक्रसून काहीशे मीटरांचे झाले आहे. आपल्याकडे जो फरक काळात दिसतो तो त्याच्याकडे लांबीत दिसतो, आणि मिंकोव्स्कींचा आकडा दोघांचा तंतोतंत जुळतो. राजवाड्याच्या भेटीत हे जाणवत नाही, कारण प्रकाशापुढे आपल्या रिक्षाचा वेग नगण्य आहे.

गुरुत्वाकर्षण म्हणजे याच अवकाशकालाची वक्रता, हा १९१५ चा पुढचा टप्पा. तो स्वतंत्र उत्तराचा विषय आहे.

नुसते ‘चौथी मिती’ म्हटले की सूत्रातले वजाचे चिन्ह नजरेआड होते. तेथे अधिक असते, तर काळ ही लांबी-रुंदीसारखीच आणखी एक दिशा ठरली असती, आणि सराफ्यातून राजवाड्याकडे माघारी वळावे तसे कालच्या संध्याकाळकडेही वळता आले असते.