निबंध परत आला, म्हणजे इंग्रजी कच्चं का?

‘परीक्षेत एवढे बँड मिळवले आणि इथे एक निबंध धड लिहिता येत नाही. माझं इंग्रजीच कच्चं आहे. सोडून देऊ का हे सगळं?’

विद्यापीठाच्या पूर्वतयारी वर्षात, पहिला निबंध तपासून परत आला की हा प्रश्न हमखास येतो. ही विद्यार्थिनीही तोच घेऊन आली (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत). आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत साडेसहा बँड (म्हणजे गुण), शाळेत कायम पहिल्या पाचांत. १५०० शब्दांच्या निबंधावर शेरा होता, ‘मूळ लेखांशी साम्य फार आहे, पुन्हा लिहा.’ तिला तो चोरीचा आरोप वाटला, आणि चोरी तर तिने केली नव्हती.

निबंध आणि मूळ लेख शेजारी शेजारी ठेवले. मूळ इंग्रजी वाक्याचा मराठीत अर्थ असा: ‘सलग अपुरी झोप झाल्यास विद्यार्थ्यांची एकाग्रता घटते आणि परिणामी नवीन माहिती लक्षात राहण्याचं प्रमाण कमी होतं.’ तिचं वाक्य: ‘सतत कमी झोप मिळाल्यास विद्यार्थ्यांचं अवधान घटतं आणि त्यामुळे नवी माहिती ध्यानात राहण्याचं प्रमाण कमी होतं.’ शब्द बदलले, सांगाडा तोच. पुढे कंसात संदर्भ दिला तरी हे स्वतःच्या शब्दांत लिहिणं ठरत नाही. गंमत म्हणजे तिच्या इंग्रजीत व्याकरणाची एकही चूक नव्हती.

मग अडलं कुठे? आयईएलटीएसचा मोठा निबंध साधारण ४० मिनिटांत, किमान २५० शब्दांत, डोक्यातून लिहायचा असतो. संदर्भ कोणी मागत नाही. शाळेत पुस्तकातलं वाक्य जसंच्या तसं आलं तर शाबासकी मिळते. विद्यापीठाला हवं असतं ते तिसरंच: कोण म्हणालं, कशाच्या आधारावर, आणि ते तुम्हाला कितपत पटतं. हे तिला कोणी शिकवलंच नव्हतं.

तिला दिलेला सराव साधा होता. पाच-सहा ओळींचा एक परिच्छेद वाचायचा, लेख बंद करायचा, धाकट्या भावंडाला समजावतोय अशा थाटात मातृभाषेत दोन वाक्यांत मोठ्याने सांगायचं. मग तेच इंग्रजीत लिहायचं, लेखकाचं आडनाव आणि वर्ष टाकायचं, आणि शेवटी मूळ उघडून अर्थ बिघडला नाही ना, एवढंच पाहायचं. घोटाळा होतो तो इथेच. मूळ दिसलं की त्यातले ‘चांगले’ शब्द उचलून आपलं वाक्य सजवायचा मोह होतो, आणि आपण पुन्हा पहिल्या जागी येतो. वाक्य फिरवून देणाऱ्या सॉफ्टवेअरचंही तेच, वर पारिभाषिक शब्दांचा बळी जातो तो वेगळा.

चौथ्या प्रयत्नात तिने लिहिलं: ‘लेखकाच्या मते झोपेचा फटका आधी एकाग्रतेला बसतो, विसरणं ही पुढची पायरी. मात्र ही पाहणी परीक्षेच्या दिवसांतली आहे, तेव्हा झोपेबरोबर ताणही होताच.’ दुसरं वाक्य पूर्णपणे तिचं. त्याच्यासाठीच गुण असतात.

टिपणांची वहीही बदलावी लागली. पानाच्या मधोमध रेघ, डावीकडे जसंच्या तसं वाक्य, अवतरणचिन्हांत, पानक्रमांकासह, उजवीकडे स्वतःचं. ही रेघ नसेल तर तीन आठवड्यांनी कोणतं वाक्य कुणाचं हे लिहिणाऱ्यालाच सांगता येत नाही. अजाणता झालेल्या बऱ्याच ‘चोऱ्या’ इथेच होतात.

गटचर्चेतल्या मौनाचं कारणही भाषा नव्हतं. ती मनात वाक्य जुळवत बसायची, तोवर चर्चा पुढे गेलेली. तिला एवढंच सांगितलं की घरून एक प्रश्न लिहून न्यायचा आणि पहिल्या दहा मिनिटांत विचारून टाकायचा. उशीर झाला की भीड वाढत जाते. आधीच्याच्या बोलण्याला जोडून ‘त्यावर एक विचारू?’ म्हटलं तरी दार उघडतं.

शिक्षकांना लिहिलेला तिचा मेल पाहिला. विषयाची ओळ रिकामी, चार ओळी माफीच्या, प्रश्न अगदी तळाशी. नवा मेल: विषयात अभ्यासक्रमाचं नाव आणि ‘निबंध २: एक शंका’, मजकुरात काय करून पाहिलं, कुठे अडलं, भेटीच्या ठरलेल्या वेळेत येऊ का. शिक्षकांना एकेरी नावाने हाक मारणं तिला जड जात होतं. ते स्वतः मेलखाली नुसतं नाव लिहीपर्यंत ‘डॉक्टर’ आणि आडनाव चालतं, त्यात वावगं काही नाही. उलट लक्ष ठेवायचं ते मवाळ शेऱ्यांवर. ‘याचा विचार करून पाहता येईल’ असं लिहिलेलं असेल, तर बहुतेक वेळा त्याचा अर्थ ‘हे बदला’ असाच असतो.

दुसऱ्या निबंधावर साम्याचा शेरा नव्हता. होता तो असा: ‘तुमचं मत फार उशिरा येतं, ते आधी आणता येईल.’ तिने तो इकडे पाठवला, वर एक ओळ जोडून: ‘म्हणजे बदलायचंच ना?’