गरोदरपणाच्या तिसऱ्या महिन्यात साखर नॉर्मल होती, मग सहाव्या महिन्यात पुन्हा ग्लुकोज पिऊन तपासणी कशाला?

कारण तिसऱ्या महिन्यातला रिपोर्ट सहाव्या महिन्याची हमी देत नाही. वार (प्लासेंटा) वाढते तशी तिच्यातून येणारी हार्मोन्स साखर आटोक्यात ठेवणाऱ्या आईच्या इन्सुलिनला नीट काम करू देत नाहीत. हा जोर साधारण 24 ते 28 आठवड्यांत दिसू लागतो, म्हणून तपासणीही तेव्हाच. बहुतेकींना काहीच त्रास जाणवत नाही, त्यामुळे 'मला तर बरं वाटतंय' यावर विसंबू नका.

रात्रभर उपाशी राहून आधी रक्त देतात, मग 75 ग्रॅम ग्लुकोजचं पाणी पाचेक मिनिटांत संपवायचं, आणि एक व दोन तासांनी पुन्हा रक्त. पाणी गोडमिट्ट असतं, खोटं कशाला सांगू! उलटी झाली तर लगेच सांगा, ती तपासणी धरत नाहीत. मधल्या वेळात फेऱ्या न मारता बसून राहा. आदल्या दिवशी मुद्दाम गोड-भात बंद करून रिपोर्ट 'सुधारू' नका, फसवणूक स्वतःचीच होते.

बऱ्याच ठिकाणी वापरल्या जाणाऱ्या निकषानुसार (आकडे mg/dL मध्ये) उपाशीपोटी 92, एक तासाने 180, दोन तासांनी 153, यातला एकही आकडा गाठला किंवा ओलांडला तर गरोदरपणातला मधुमेह धरतात. पुष्कळ जणींची साखर आहार आणि चालण्यानेच आटोक्यात येते. नाही आली तर इन्सुलिन. ते वारेतून बाळाकडे जात नाही.

पीसीओएस (अंडाशयाशी संबंधित हार्मोन्सची गडबड), जास्त वजन किंवा आईवडिलांना मधुमेह असेल तर पहिल्याच भेटीत सांगा. आणि बाळंतपणानंतर 6 ते 12 आठवड्यांनी पुन्हा तपासणी कराच. बाळाच्या गडबडीत नेमकी हीच राहून जाते.