शेवटचे पैसे देण्याआधी डेक आणि लॉन असे तपासा

भाऊ, नव्या कामाचा रंग नंतर बघा, आधी खालचा भाग बघा. जळगाव-भुसावळकडची काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. डेकचे, म्हणजे अंगणातल्या फळ्यांच्या ओट्याचे, पाय थेट तिच्यावर टेकवले असतील, तर पहिल्याच पावसाळ्यात फळ्या वरखाली होतील. माती काढून मुरूम भरून ठोकलाय का, ते कडेला थोडं खणून पाहा.

डब्ल्यूपीसी (लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक मिसळून केलेल्या) फळीखालचे आधार ३० ते ४० सेंमीवर हवेत. दोन आधारांच्या मधोमध उभे राहा. फळी लचकली तर अंतर जास्त झालंय. फळ्यांत ५-६ मिमी फट हवीच, टोकाला भिंतीपाशीही मोकळी जागा हवी. मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे गेला की फळी लांबते. जागा नसेल तर तिची कमान होते. कारागीर नेमका इथेच चुकतो.

लॉनचा कोपरा, हिरवळ अंथरल्यावर तीन आठवड्यांनी, हलकेच ओढा. चटईसारखा उचलला गेला, तर मुळं धरलेली नाहीत. बहुधा खाली पोकळी राहिलीय किंवा पाणी कमी पडलंय. लव्हाळा हे तण दिसलं तर वरून खुडू नका, गाठीसकट खणून काढा, नाहीतर पुन्हा फुटतं.